माहेरचं कारवार, वीस वर्षांनी: सासूबाईंना दोन दिवसांत काय दाखवावं?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. सासूबाईंचं माहेर कारवारचं कोडीबाग. लग्न होऊन खानापूरला आल्या. आईवडील गेल्यावर येणंजाणं कमी होत होत थांबलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. माहेरच्या घरात चुलतभावाची मुलं राहतात असं कानावर आहे, पण बोलणंचालणं नाही. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरतात. बरोबर तुम्ही दोघं आणि शाळेतली दोन मुलं. दोन दिवसांत बघण्यासारखी ठिकाणं कोणती, याची यादी तुम्हाला हवी आहे.

मी मूळचा कारवारचाच, काजूबागेतला. बेळगावात गाड्या भाड्याने देण्याचा धंदा आहे. नोकरीने नाहीतर लग्नाने घाटावर आलेली आणि मग बेळगाव, खानापूर, निपाणीचीच झालेली कारवारची माणसं हे माझं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांना घेऊन खाली जाणं बरंच झालंय. त्यावरून सांगतो, तुम्ही मागितलेली यादी मुलांच्या कामाची आहे, सासूबाईंच्या फारशी नाही. ज्या गावात माणूस वाढतं तिथली ‘प्रेक्षणीय स्थळं’ त्याने बहुधा बघितलेलीच नसतात. कोडीबागेतल्या मुलीचं कारवार म्हणजे नदीचा काठ, बाजाराची वाट, शाळा, देऊळ आणि शेजारपाजार. हे कुठल्याही पर्यटन नकाशावर नसतं. तेव्हा यादी करायचीच तर ती त्यांच्याकडून करून घ्या.

ती करून घ्यायची कशी, हेही सांगतो. ‘आई, काय बघायचंय तुम्हाला?’ असं सरळ विचारू नका. ‘तुम्ही न्याल तिथं’ असं उत्तर येईल. त्या पिढीच्या बायकांचं ते पाठच आहे. त्यापेक्षा एका संध्याकाळी नातवंडांना वही घेऊन आजीजवळ बसवा आणि बारीकसारीक विचारायला लावा. शाळेला कुठल्या वाटेनं जायचीस? वाटेत कुणाकुणाची घरं? मासळी बाजारातून यायची की बाई दारात घेऊन यायची? नदीपलीकडे सदाशिवगडात कोण होतं? ओटी कुठल्या देवळात भरायची? पावसात पाणी कुठवर यायचं? अशा प्रश्नांतून जी नावं बाहेर पडतील, तीच तुमची यादी. त्यातली निम्मी ठिकाणं आता नसतील. ती कुठली नाहीत हे घरीच, चहा पिता पिता सांगून टाका. तिथं जाऊन कळण्यापेक्षा ते बरं.

पुलाचंच घ्या. सासूबाई लहान असताना काळी नदीवर पूलच नव्हता. सदाशिवगडाकडून कोडीबागेत यायला ‘तर’, म्हणजे माणसं पार करणारी नाव, होती. पुढे 1983 मध्ये पूल झाला आणि त्या माहेरवाशीण म्हणून त्यावरून गेल्या-आल्या असणार. तो पूल 7 ऑगस्ट 2024 ला अपरात्री कोसळला. वर असलेला एक ट्रक नदीत गेला, चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. आता वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते. डोळ्यांदेखत झालेला पूल डोळ्यांदेखत पडलाही, हे त्या वयाच्या माणसाला जरा लागतं. बातमी त्यांनी टीव्हीवर बघितली असेल. तरीही पुलावर चढण्याआधी एकदा आठवण करून द्या.

दुसरं, बिणगा-आर्गाकडचा किनारा. नौदलाच्या ‘सीबर्ड’ प्रकल्पाची कोनशिला 1986 मध्ये बसली आणि 2005 मध्ये ‘आयएनएस कदंब’ हा तळ सुरू झाला. त्यासाठी तिकडची गावंच्या गावं उठली. त्या बाजूला त्यांची आतेमामे नाती असतील तर ती घरं आता कुठं बसवली आहेत याची चौकशी निघण्याआधी करा. आणि मुलांना बजावून ठेवा, की त्या भागातून जाताना मोबाईल खिडकीबाहेर काढायचा नाही. तिसरं, महामार्ग. चौपदरी रस्ता, समुद्राच्या कडेनं उड्डाणपूल, बिणग्याच्या बाजूला बोगदा, हे सगळं त्यांनी बघितलेलं नाही. पूर्वी गावातून किनाऱ्यावर पाऊल टाकलं की सुरूची झाडं आणि समोर पाणी. आता आधी डोक्यावर काँक्रीट येतं. पहिल्यांदा बघणारा बिचकतोच.

आता जे तसंच आहे ते. काळीचं मुख तसंच. समोर पाण्यात देवगडचं बेट आणि त्यावरचं दीपगृह, उजवीकडे कुर्मगड, हेही जागच्या जागी. मासळी बाजारातला कलकलाट तोच. देवळं बहुतेक जागेवर, फक्त फरशा नव्या. या चार गोष्टी आधी दाखवायच्या आणि बदललेलं मागून, हा माझा नेम आहे. ओळखीचं काही दिसलं की माणूस गाडीत सरळ होऊन बसतं, बोलायला लागतं, आणि मग पुढचे बदल त्याला सोसतात. उलट केलंत तर दिवसभर ‘हे नव्हतं, ते नव्हतं’ एवढंच ऐकत बसावं लागतं.

म्हणून गावात शिरायचं कुठून, याला मी फार महत्त्व देतो. खानापूरहून तुमच्यापुढे दोन रस्ते. लोंढ्यावरून रामनगर, तिथून जोयडा, कुंभारवाडा, अणशी घाट उतरून कद्रा आणि कारवार, हा जवळचा. मध्ये नाश्त्याला थांबून चार तास धरा. दुसरा रामनगरहून अनमोड घाट उतरून मोले, मडगाव, काणकोण, पोळे आणि माजाळी. हा लांबचा, मडगावच्या आसपास गर्दी लागली की आणखी लांबतो. माझं मत अणशीच्या बाजूनं. जंगल आहे, सावली आहे, वाहनं कमी. मात्र अणशीकडून आलात की नदीच्या काठाकाठानं, मागच्या दारानं घरात शिरल्यासारखं तुम्ही गावात येता. तेव्हा लगेच मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाका, जेवा, त्यांना तासभर आडवं होऊ द्या, आणि साडेतीन-चारला गाडी काढून पूल ओलांडून सदाशिवगडाच्या बाजूला जा. तिथून वळा आणि परत पुलावरून कोडीबागेत या. खरं आगमन ते. त्यांना चालकाच्या मागच्या, म्हणजे उजव्या खिडकीशी बसवा. येताना समुद्र उजव्या हाताला, नदीचं मुख, पलीकडे देवबागची सुरूची रांग, सगळं एका दमात दिसतं. चालकाला सांगून ठेवा, की पुलावर हॉर्न नको, घाई नको, आणि त्यानं माहिती तर अजिबात सांगायला नको. माहिती सांगणारं माणूस त्या वेळी मागच्या सीटवर असतं.

सदाशिवगडावर जायचं का, हे गुडघ्यांवर आहे. सोंद्याच्या राजानं आपल्या वडिलांच्या, सदाशिवाच्या, नावानं बांधलेला हा गड. बांधकाम आता थोडंच उरलंय, पण वरून नदी समुद्राला मिळताना दिसते. मुलांना न्या. सासूबाईंना पायथ्याशी देवीच्या देवळाजवळ बसायला आवडेल असं मला वाटतं. नदीपलीकडे त्यांचं कुणी असेल, तर मात्र हे सगळं सोडून त्या घराचा पत्ता शोधा.

आता तारीख. इथं मात्र माझं ऐका. हॉटेल नंतर बघा, आधी पंचांग उघडा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, आली ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला हे पुरतं.

याचा सासूबाईंच्या गुडघ्यांशी काय संबंध, तर असा. भरतीला किनाऱ्याची फक्त वरची कोरडी वाळू उरते. ती भुसभुशीत, पाय रुततो, गुडघा पिरगळतो. ओहोटीला खालची ओली वाळू उघडी पडते. ती रस्त्यासारखी टणक, चप्पल काढून, नातवाचा हात धरून सहज चालता येतं. तुम्ही सप्तमी-अष्टमीला गेलात तर नेमकी संध्याकाळी भरती असते आणि त्या वर बाकावर बसून राहतात. चतुर्दशी ते प्रतिपदा या दिवसांत गेलात तर साडेचार ते सहाच्या दरम्यान पाणी दूर गेलेलं असतं आणि सूर्यही त्याच वेळी खाली येत असतो. शिवाय त्याच दिवशी सकाळी साडेदहा-अकराला भरती असते, तेव्हा नदी काठोकाठ भरलेली. होडीत बसवायचं असेल तर ती वेळ. पाणी वर असलं की होडीची कड धक्क्याच्या जवळ येते आणि पाय फार खाली टाकावा लागत नाही. ओहोटीला तीच होडी खाली जाते आणि म्हाताऱ्या माणसाला दोघांनी उचलून उतरवावं लागतं. त्यात त्यांना अपमान वाटतो, मग ‘नको गं, मी इथंच बसते’ होतं.

होडीचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो, की ती जुनी ‘तर’ बंद झाली तरी पाण्यातून कोडीबाग बघणं हीच त्यांची खरी ओळखीची नजर. समुद्रात नको, डॉल्फिन बघायला नको, नदीतल्या नदीत अर्धा तास पुरे. कोडीबागेत काठावर होड्यांची सोय असते, पण ती हवेवर आणि हंगामावर अवलंबून. आदल्या दिवशी जाऊन विचारून घ्या. लाइफ जॅकेटशिवाय कुणीही बसायचं नाही, आजीनं सुद्धा नाही, ‘आम्ही अशाच जायचो’ म्हणाल्या तरी. 21 जानेवारी 2019 ला कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून 16 माणसं गेली. गाव ते विसरलेलं नाही. ही जत्रा पौष पौर्णिमेला असते. तुमची तारीख तेव्हाची पडली तर बैतकोलहून सुटणाऱ्या, पताका लावलेल्या होड्या काठावरून बघा, पण बेटावर जायचं डोक्यात आणू नका.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून-जुलै टाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग. त्यात अणशीत दरडींची भीती. 2024 च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर आला, तेव्हापासून पावसात त्या किनाऱ्यावर मी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जातच नाही. मे महिना उकाड्याचा, पण मुलांना सुट्टी तेव्हाच असेल तर एक सोय आहे: अंकोल्याचा करी ईशाड आंबा आणि कुमट्याचे गोड कांदे. कांद्यांच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या असतात. कुमटा कारवारच्या पुढे खाली आहे, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. गोकर्णला जाणार असाल तरच.

मासळी बाजाराला मात्र एक सकाळ द्याच. विकत घ्यायचं नसलं तरी. माझ्या गाडीतून आलेल्या एका आजी, घाट उतरेपर्यंत ‘बरं’ आणि ‘हो’ याच्यापुढे बोलल्या नव्हत्या. बाजारात शिरल्या, पदर खोचला, एका टोपलीसमोर वाकल्या आणि बांगड्याचं कल्लं बोटानं उचकटून आत बघितलं. लालभडक नव्हतं. बांगडा खाली टाकला आणि कोकणीत जे सुरू झाल्या! ‘हें कालचें गो, म्हाका शिकयतलें?’ विकणारी पण तयारीची, तिनं यांच्या आईचा काळ काढला. मुलगा-सून तोंडात बोट घालून उभे, कारण घरात त्यांनी आईची कोकणी कधी ऐकलीच नव्हती. शेवटी दोघी एकमेकींचं गाव-वाडा विचारत बसल्या आणि त्यातून निघालं की विकणारीची सासू यांना ओळखते. हे कुठल्या संग्रहालयात मिळणार? तेव्हा तिथं त्यांना पुढं चालू द्या. तुम्ही चार पावलं मागं राहा, आणि ‘आई, चला ना, वास येतोय’ असं मुलांना म्हणू देऊ नका.

ओळखीचं माणूस शोधायचं तेही असंच. कारवारात पत्त्यापेक्षा वाडा आणि घराणं चालतं. देवळातला भट, जुना किराणा दुकानदार, नाहीतर मासळीवाली, या तिघांपैकी एकाला ‘अमक्याची थोरली, खानापूरला दिलेली’ असं सांगितलं की धागा लागतो. शाळेतली एक जरी मैत्रीण हयात निघाली तर तुमचा बाकीचा कार्यक्रम रद्द करा. मी खरंच म्हणतोय. गाडी घेऊन मुलांना दुसरीकडं फिरवा आणि त्या दोघींना तीन तास सोडून द्या.

आता घर. हा सगळ्यात नाजूक भाग आणि तुमच्या प्रश्नात तो एका ओळीत उरकलाय. ज्या घराशी बोलणं तुटलंय, तिथं वीस वर्षांनी माहेरवाशीण मोठ्या गाडीतून मुला-सुनेसकट उतरली, तर आतल्या माणसाच्या मनात पहिला विचार कसला येतो? हिश्श्याचा. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळायला लागल्यापासून हे फार झालंय, आणि समुद्राकाठच्या जागांचे भाव वाढल्यापासून जास्तच. चहा मिळतो, पण बोलणं गोठलेलं. त्यात सासूबाईंना वाटतं, आपलं कुणाला नकोच आहे. वास्तविक समोरचा नुसता घाबरलेला असतो.

म्हणून अचानक जायचं नाही. आठ-दहा दिवस आधी मध्यस्थामार्फत निरोप पाठवा, निरोपात स्पष्ट घाला: ‘आत्याला फक्त घर बघायचंय, देवाला नमस्कार करायचाय, कागदपत्राचं काही काम नाही.’ हे वाक्य बोलायला लाज वाटते, पण ते बोलल्यावर दार उघडतं. घरी जाणं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो आणि भावनेचा भार वेगळा. एक रात्र कारवारची हवा अंगाला लागली की माणूस थोडं स्थिर होतं. जाताना कुंद्याचा डबा न्या. बेळगावचा कुंदा म्हटल्यावर कारवारात कुणी नाही म्हणत नाही. चालक आणि गाडी कोपऱ्यावर उभी करा, दारात नको. घराच्या आत नेण्याचा आग्रह धरू नका, त्यांनी बोलावलं तर जा. आणि मोबाईलवर घराचं, परसाचं शूटिंग करत फिरू नका. त्यातून पुन्हा मोजणीचाच संशय येतो.

घर पाडून नवं बांधलेलं असेल, तर सासूबाईंना परसात न्या. भिंती जातात, माड आणि विहीर बहुधा राहते. एका बाईंना मी असाच घेऊन गेलो होतो. स्लॅबच्या नव्या घराकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही, थेट मागं गेल्या आणि तिथल्या सुनेला सांगायला लागल्या की हा कुंपणाकडचा माड राखू नका, ह्याचं खोबरं पातळ, आमच्या आईनं तीन वेळा तोडायला काढला होता. ती सून म्हणाली, होय, अजून पातळच येतं. झालं, तिथून पुढं ओटी भरूनच पाठवलं. सगळीकडे असं होईल असं नाही. काही घरी फाटकातूनच परतावं लागतं. तशी शक्यता दिसत असेल तर घराऐवजी त्या गल्लीतून पायी एक फेरी मारा, नुसती. बऱ्याच जणींना तेवढंही पुरतं. काहींना तर घर बघायचंच नसतं आणि आपण उगाच नेतो. तुमच्या सासूबाई कुठल्या, हे तुम्हालाच ठाऊक.

देवाचं आधी ठरवा. माहेरच्या देवीची ओटी राहून गेलीय, ही बहुतेक जणींच्या मनातली खरी गोष्ट असते आणि ती त्या सांगत नाहीत. बेळगावच्या शहापुरातून चांगला खण घ्या, नारळ तिथं मिळतो. पण देऊळ उघडं असतं का ते विचारा. हणकोणच्या सातेरीचं देऊळ वर्षातले ठरावीक सातच दिवस उघडतं. बाकीच्या दिवशी गेलात तर बंद दाराला हात जोडून यावं लागेल. पुष्कळ कारवारी घराण्यांची कुलदैवतं गोव्यात आहेत, ती या दोन दिवसांत बसवू नका. गावातल्या ग्रामदेवाला जा. सकाळी साडेसात-आठच्या आत गेलात तर गर्दी नसते आणि भट दोन शब्द बोलतो.

मुलांचं राहिलं. त्यांच्यासाठी टागोर किनाऱ्यावर ‘आयएनएस चपळ’ ही नौदलाची क्षेपणास्त्र नौका आत जाऊन बघता येते, जवळच नौदलाचं जुनं टेहळणी विमानही ठेवलंय. आतल्या शिड्या अरुंद आहेत, आजीला बाहेर बसवा. किनाऱ्याला टागोरांचं नाव का, हे मुलांनी विचारलं तर सांगा: 1882 मध्ये तरुण रवींद्रनाथ इथं येऊन राहिले होते, त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. काळ्या वाळूचा तिळमाती किनारा माजाळीकडं आहे. तिथं डोंगरातून चालावं लागतं, तेव्हा एकानं मुलांना न्यावं आणि एकानं आजीजवळ थांबावं. आणखी एक, जे मी माझ्या सगळ्या बेळगावच्या गिऱ्हाइकांच्या मुलांना सांगतो. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह’ ही घोषणा आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही पाठ, पण समुद्र बघायचा म्हटलं की गाडी वळते गोव्याला. घोषणेतलं दुसरं गाव कित्येकांनी बघितलेलंच नसतं. 1956 पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते. जुन्या नोकरदार घरांत बेळगाव-कारवार बदल्यांच्या गोष्टी अजून निघतात.

जेवणाचं फार लांबवत नाही. मोठ्या हॉटेलापेक्षा खानावळ बघा, दुपारी एकच्या आधी जा. विसवणीचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा सगळीकडं मिळतो. सासूबाईंसाठी मात्र तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, तिसऱ्यांचं सुकं आणि सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, किसमूर मागा. खाऊन त्या म्हणतील, ‘आमच्या घरी असं नव्हतं.’ म्हणू द्या. वार विचारून घ्या, सोमवारी खात नसतील तर सगळा बेत फसतो.

हे सगळं मांडलं तर दिवस असे पडतात. पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघणं, दुपारी विश्रांती, चारला पूल आणि सदाशिवगड, मग ओहोटीच्या वाळूवर संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी देऊळ, बाजार, घर, आणि भरती साधत असेल तर होडी. यात दुपारी निघून परत येणं बसवायचं म्हटलं तर काहीतरी कापावं लागेल, आणि तुम्ही घाईत ओळखीच्या माणसाचं बसणं कापाल, ही मला भीती. म्हणून जमलं तर दोन मुक्काम करा, मुलांची एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल. ते जमत नसेल तर होडी सोडा. खोली घेताना समुद्र दिसतो का हे विचारू नका, लिफ्ट आहे का आणि संडास कमोडचा आहे का एवढं विचारा. गाडीही कमी उंचीची घ्या. टेम्पो ट्रॅव्हलरच्या पायऱ्या या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि नाइलाजानं तीच मिळाली तर एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल बरोबर ठेवा.

परतीला एक-दीडच्या आत कारवार सोडा, म्हणजे अणशीचं जंगल उजेडात पार होईल. मासळी सगळ्यात शेवटी, निघताना घ्यायची, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून, आणि पेटी डिकीत. सासूबाई सुका बांगडा आणि सोडे घेतल्याशिवाय येणार नाहीत हे गृहीत धरा. घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि तो पिशवीत गुंडाळून पेटीच्या शेजारी ठेवा. मागच्या सीटखाली ठेवलात, तर घाटाच्या तिसऱ्या वळणावर धाकट्याला ओकारी होणार आणि गाडी धुवायचं काम माझ्यासारख्याकडं येणार.